खलीलने काढलेली नफिसाची तसबीर

कर्जतला स्टेशनाजवळ खलील तसबिरी काढायचा. उन्हाळ्यात माथेरानला साहेबलोकांच्या, एरवी आसपासच्या बड्या घरांच्या. पण गावकऱ्यांचं बोलावणं यायचं ते बहुतेक मयतालाच. जिवंतपणी तसबीर काढली की आयुष्य घटतं, असं लोकांचं ठाम मत. मग माणूस गेला की हीऽ धावपळ. खलील मयताच्या पायथ्याशी उंच तिपाई उभी करायचा, कॅमेऱ्याचं तोंड खाली वाकवायचा आणि काम उरकायचा. त्या सगळ्या तसबिरी इतक्या सारख्या, की नावं बदलली असती तरी घरच्यांना कळलं नसतं.

त्याची बायको नफिसा त्याच मताची. इतक्या वर्षांत तिने त्याला कॅमेरा आपल्यासमोर आणू दिला नाही. मग तिला क्षयाने धरलं. पावसाळा सरेपर्यंत अंगावर काही उरलं नाही, तेव्हा तीच म्हणाली, "आता काढा. आता काय घटायचं राह्यलंय?"

खलीलने बाज खिडकीशी ओढली, पायथ्याशी तिपाई लावली आणि काळ्या कापडात डोकं घातलं. हात सवयीने चालत होते. नफिसा बघत राहिली.

"हे मयताचं हाय," ती म्हणाली. "मी अजून हाय ना वो?"

खलीलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग कुठनं काढू गं?"

"जिथनं रोज बघता तिथनं."

रोज तो बाजेशेजारी जमिनीवर बसून तिला पेज भरवायचा. त्याने कॅमेरा तिपाईवरून उतरवला आणि पाटांवर पाट रचून बाजेच्या बरोबरीला आणला. वरून तिच्या डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबणी दिसल्या होत्या. इथून खिडकीचा उजेड गालावर आला आणि डोळे दिसले. थकलेली, पण त्याच्याकडे बघणारी नफिसा दिसली. "हलू नको गं," तो म्हणाला. तिने श्वास धरला, पेज घेताना ठेवायची तसे ओठ जरा उघडे ठेवून.

तसबीर कागदावर उतरेपर्यंत नफिसा गेली.

तसबीर फार चांगली आली. तशी खलीलच्या हातून आधी कधी आली नव्हती, नंतरही आली नाही. त्याने ती दुकानात लावली नाही, कुणाला दाखवलीही नाही. दुपारी दार लोटून तो ती मांडीवर घेऊन बसायचा. नफिसा त्याच्याकडे बघत पुढच्या घोटाची वाट बघत असायची. त्याचा हात आपसूक पुढे व्हायचा, आणि ती गेली हे त्याला पुन्हा नव्याने कळायचं.