बुलबुलच्या घरट्यापुढची फांदी

जळक्या माणसाने सांगितलेली गोष्ट खोटीच असते, असं तुम्हाला वाटतं का? माझ्या नातेवाइकांना वाटतं. म्हणून हे लिहिते आहे. मी जळत नव्हते असा आव आणणार नाही. जळत होते. अजूनही जळते.

मामांची बदली बराकपूरला झाली आणि त्यांना नदीकाठचा, बाग असलेला बंगला मिळाला. आम्ही शहरात, बागबाजारात दोन खोल्यांत राहत होतो. वडील रविवारी गिरणी कामगारांच्या वस्तीत पत्रकं वाटायला जात, जाताना मला मामांकडे सोडत. सियालदा स्टेशनच्या फलाटावर फाळणीनंतर पूर्वेकडून आलेली निर्वासित कुटुंबं चटया अंथरून बसलेली असत. त्यांच्यातून वाट काढत, एका हातात पत्रकांचा गठ्ठा आणि दुसऱ्या हातात माझा जुना बॉक्स कॅमेरा सांभाळत मी वडिलांच्या मागून गाडी गाठायची.

पावसाळ्यात मी बुडालेल्या हिरवळीवरचे बगळे टिपले, थंडीत धुक्यातली गंगा, फाल्गुनात लाल सावरीवर भांडणाऱ्या साळुंक्या. फोटो धुऊन आले की साळुंकी मसुरीच्या दाण्याएवढी! मामेभावाकडे, म्हणजे दादाकडे, लांब भिंगाचा जर्मन कॅमेरा होता. त्याला साळुंकी आणि सातभाईतला फरक कळत नव्हता. चहाचा कप खाली ठेवून तो खटका दाबायचा आणि पीस न् पीस उमटायचं. ज्याला बघायचं नाही त्याच्याच हाती भिंग. हा कुठला न्याय?

चैत्रात मधुमालतीच्या वेलात बुलबुलचं घरटं सापडलं. मला सापडलं, दादाला नाही. माझ्या कॅमेऱ्याला जवळ जावं लागे. म्हणून मी तो स्टुलावर ठेवायची, खटक्याला दोरा बांधायची आणि लांब कर्दळीआड बसायची. पक्षी बिचकू नये म्हणून स्टूल दर रविवारी थोडंच पुढे. घरट्यासमोर पानांनी भरलेली एक फांदी यायची. ती सुतळीने बाजूला ओढून बांधायची आणि घटकाभराने सोडून द्यायची. घरट्याची सावली तीच होती, आणि कावळ्यांपुढचा पडदाही तीच.

अंड्यांतून पिल्लं बाहेर आली. आता पुढच्या रविवारी स्टूल पुरेसं जवळ जाणार होतं.

पुढच्या रविवारी फांदीच नव्हती. घरटं भर उन्हात, एका बाजूने उसकटलेलं, रिकामं.

“फांदी कुठे गेली?”

“कापली,” दादा म्हणाला. “दर वेळी बांधा-सोडा करत बसतेस. म्हटलं, तुझंही काम सोपं होईल. आणि हे बघ तरी!”

त्याने फोटो पुढे धरला. तीन वासलेल्या चोची, वर वाकलेली आई, तिच्या तोंडात अळी. मला आधी पिल्लं आठवली नाहीत. हा फोटो माझा होता, एवढंच मनात आलं.

“आणि पिल्लं?”

“उडाली असतील.”

“पंख फुटायच्या आधीच?”

व्हरांड्यातून मामी म्हणाल्या, “अगं बये, फांदी होती तेव्हा कावळे काय आंधळे होते?”

“मामी, तेव्हा त्यांना घरटं दिसतच नव्हतं!”

“पुरे. भावाचा फोटो चांगला आला की तुझ्या पोटात दुखतं.”

दुखतच होतं. पण म्हणून घरटं भरलेलं होणार होतं का?

गणेशोत्सवात आमच्या मराठी मंडळाने फोटोंचं प्रदर्शन भरवलं. दादाचा फोटो मधोमध, खाली नाव ‘वात्सल्य’. माझं डोकं फिरलं. घरी शिकले होते तेच केलं. पत्रक लिहिलं आणि फोटोखाली टाचलं: ‘या चित्रासाठी फांदी कापली. घरटे उघडे पडले. पिल्ले कावळ्यांनी नेली. या चित्राला बक्षीस देणे हा अन्याय आहे!’

मंडळाच्या एका काकांनी ते मोठ्याने वाचलं. “शाब्बास, बापाची लेक! यात तुझा फोटो कुठला गं?”

“माझा नाही.”

“हां, मग बरोबर!” सगळे हसले.

वडिलांनी चष्मा वर करून पत्रक वाचलं. “पहिली तीन वाक्यं ठेव. चौथं काढ.”

“का? खोटं आहे?”

“पहिली तीन वाक्यं पिल्लांची आहेत. चौथं तुझं आहे.”

चौथं मी फाडून टाकलं. त्यानंतर हसणं थांबलं. लोक वाचत, वर फोटोकडे बघत, पुन्हा वाचत. त्याच काकांनी दादाला विचारलं, “खरं का रे?”

“फांदी मी कापली,” दादा म्हणाला. “असं होईल हे सुचलंच नाही मला.”

बक्षीस त्यालाच मिळालं. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. तो फोटो सुंदर आहे आणि तसा एकही माझ्याकडे नाही.

तुमच्या बागेत यंदा घरटं असेल, तर त्यापुढची फांदी कापू नका. सुतळीने हलकेच बाजूला बांधा, फोटो घ्या आणि तिथून निघण्याआधी गाठ सोडा. आणि कोणी कात्री घेऊन आला, तर आधी ती काढून घ्या, मग तो तुमच्या घरातला सर्वांत लाडका मुलगा का असेना.