काका गर्दी बघायचे

लंडनहून रीडिंगला जाणाऱ्या संध्याकाळच्या ट्रेनमध्ये साठीचे एक मराठी काका माझ्यासमोर बसत आणि मेडनहेडला उतरत. कोटाची घडी मांडीवर ठेवून ते रोज फोनवर एकच लाइव्ह कॅमेरा बघायचे. तो टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचा, काउबॉयांच्या जुन्या गुरांच्या बाजाराचा. तिथे तेव्हा सकाळ असायची; विटांच्या रस्त्यावरून लांब शिंगांचे बैल जायचे, दोन्ही बाजूंना टूरिस्ट.

"ईस्टरच्या सुट्टीत आम्ही तिथेच चाललोय," मी एकदा म्हटलं. "काय काय बघण्यासारखं आहे?"

"रोडिओ बघा, उधळलेल्या बैलांवर बसायचा खेळ. काउबॉय टोपी वाफ देऊन डोक्याच्या मापाची करून देतात, ती घ्या. आणि हे बैल."

"तुम्ही कधी गेला होतात?"

"नाही हो. मुलगा असतो तिथे, तुमच्याएवढाच. फोन उचलत नाही." बैल निघून गेले तरी त्यांची नजर स्क्रीनवरच होती. "मी बैल बघतच नाही. गर्दी बघतो."

सुट्टीत मी त्याच रस्त्यावर उभा होतो, डोक्यावर नवी टोपी. बैल आले, खांबावरचा कॅमेरा दिसला आणि मी खुळ्यासारखा काकांना जोरजोरात हात केला. मग लक्षात आलं, टोपीखालचा चेहरा तिकडून ओळखू येणार नाही. हात झटकन खाली घेतला. पण तोवर तिकडे ट्रेनमध्ये त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला असेल.