माईक पुसला तेव्हा

"घर कुठं?" सरांनी विचारलं.

"वाड्यावर," मी माईकमध्ये म्हटलं.

सर प्रवेशाचं मार्गदर्शन करायला पुण्याहून आले होते. शिरूरचं मंगल कार्यालय, सीईटीचे निकाल नुकतेच लागलेले. बाहेर फ्लेक्स होता: सरकारी विद्यापीठात तुमच्या पाल्याचा चान्स किती? जागेवर विश्लेषण. आत आधी दीपप्रज्वलन झालं, मग सत्कार झाले. ज्यांनी सत्कार केले त्यांचेही सत्कार झाले. नारळ संपले तेव्हा कार्यक्रम सुरू झाला.

सरांची पद्धत सोपी होती. पोरगं स्टेजवर बोलवायचं, दोन-चार प्रश्न विचारायचे, लॅपटॉपवर बोटं चालवायची. मागच्या पडद्यावर रंग उमटायचा. हिरवा म्हणजे चान्स आहे. पिवळा म्हणजे नवस बोला. लाल म्हणजे सरकारी विसरा. लाल आलेलं पोरगं खाली उतरलं की त्याच्या हातात एका शिक्षणसंस्थेच्या खासगी कॉलेजचं माहितीपत्रक पडायचं. मेळावा त्याच संस्थेचा होता. सकाळपासून हिरवा फारसा कुणाला आला नव्हता.

मला सरांनी पहिला प्रश्न जातीचा विचारला होता. दुसरा घराचा.

उत्तर ऐकून ते स्टेजवरच्या खुर्च्यांकडे वळले. "बघा. कॅटेगरी एनटी, आणि राहतात वाड्यात. आता ह्यांना सवलत कशासाठी, सांगा."

टाळ्या पडल्या.

आम्ही धनगर. आमचा वाडा म्हणजे मेंढरं, त्यांच्याभोवती लावलेली जाळी, दोन घोडी, कुत्री, तीन दगडांची चूल आणि चुलीपाशी आई. तो आज ह्या रानात, उद्या त्या रानात. अकरावी-बारावीला मी कारेगावात मामाच्या खोलीवर राहिले. मामा कंपनीत कामाला. पण घर कुठं म्हटलं की तोंडात वाडाच यायचा. सरांच्या पुण्यात वाड्याला दिंडी दरवाजा असतो, त्यांची चूक एकवेळ समजू शकते. स्टेजवरच्या खुर्च्यांना मात्र आमचा वाडा पक्का माहीत होता. मधल्या खुर्चीत संस्थेचे अध्यक्ष. त्यांना सगळे साहेब म्हणतात. त्या आठवड्यात आमचा वाडा त्यांच्याच रानात बसला होता. पेरणीआधी लेंडीखत पडावं म्हणून त्यांनीच बसवला होता.

साहेबांनी दुसरा माईक घेतला. "सर, तसला वाडा न्हाई. मेंढरांचा वाडा. आमच्याच रानात बसलाय, खताला."

हॉल हसला. सरही हसले. मग ते माझ्याजवळ आले, माझ्या हातातून माईक घेतला, खिशातून रुमाल काढला आणि माईक पुसला. आधी वरची जाळी. मग दांडा, जिथं माझी बोटं होती तिथं. सावकाश. सगळ्यांना दिसेल असा.

"मला लोकरीची ॲलर्जी आहे," ते माईकमध्ये म्हणाले.

त्या दिवसातलं सगळ्यात मोठं हसू ते. त्या हशातच सरांनी एक बटण दाबलं. पडदा लाल झाला.

"चान्स झिरो. बाळ, तू मेंढरंच सांभाळ. आता ऑरगॅनिकचे दिवस आहेत."

मी खाली बघत होते. बघायला नको तिथं नजर गेली. शेवटच्या रांगेत माझे आप्पा उभे होते. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडं. साहेबांनी निरोप धाडला होता म्हणून रानातून तसेच आलेले. आप्पा हसत होते. साहेब हसले म्हणून हसत होते, आणि हसताना त्यांनी हात जोडलेले होते. हात जोडून हसणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला. तो माझा बाप होता.

तेवढ्यावर माझी मान वर आली.

माईक सरांकडे होता. पण वाड्यावरच्या माणसाला माईक लागत नाही. ओढ्यापलीकडच्या माणसाला हाक मारायची सवय असते.

"सर, तुम्ही मार्क विचारलेच न्हाईत."

हसू खुर्च्यांखाली गेलं. सरांनी घसा साफ केला आणि विचारलं. मी सांगितलं. नव्याण्णव पर्सेंटाइल. लॅपटॉपवर बोटं चालली आणि पडदा हिरवा झाला. लॅपटॉप फितूर झाल्यासारखे सर त्याच्याकडे बघत राहिले. मग सावरले. अशी माणसं फार पटकन सावरतात.

"मिळणारच की मग. ह्यांना काय, हंड्रेड परसेंट चान्स. कोट्यातून."

पुन्हा टाळ्या.

मघाशी चान्स शून्य होता, कारण मी मेंढरांतली. आता शंभर झाला, कारण मी मेंढरांतली. शून्य आणि शंभर यांच्या मधे अभ्यास कुणी केला, हे टाकायला लॅपटॉपमध्ये रकाना नव्हता. माफी कुणी मागितली नाही. मी स्टेजवरून उतरले. माहितीपत्रक मात्र माझ्याही हातात पडलं.

बाहेर साहेबांनी आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. आमच्या किती पिढ्यांत साहेबांच्या घरातल्या कुणी तसा ठेवला नव्हता.

"पोरगी हुशार हाय तुझी. फारमात पयला नंबर आपल्या कॉलेजचा टाक. पोरीचा फोटू लावू चौकात."

यातली मेख ऐका. प्रवेशाच्या पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की विषय संपला. पुढच्या फेऱ्या बंद. माझ्या मार्कांना साहेबांचं कॉलेज डोळे मिटून लागलं असतं, आणि सरकारी विद्यापीठाचं दार मी माझ्याच हातानं लावून घेतलं असतं. सर शेजारी उभे होते. चान्सचं विश्लेषण हा त्यांचा धंदा. ते फक्त म्हणाले, "सेफ ऑप्शन आहे."

आप्पा माझ्याकडे बघायला लागले, तसं साहेबांनी हात काढला. "तुझी मर्जी. पर मला रान पेरायचंय. वाडा कवर ठिवायचा, इचार करावा लागंल."

संध्याकाळी वाड्यावर आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "टाक की त्यांचा पयला. आपल्याला त्यांच्याच बांधावरनं जायाचं असतंय."

मी एकच विचारलं. "आप्पा, तुम्ही का हसला?"

आप्पांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाले, "समदी हसली म्हनून." आणि उठून मेंढरांत गेले.

मी कारेगावात जाऊन फॉर्म भरला. पहिलं पुण्याचं सरकारी विद्यापीठ. साहेबांचं कॉलेज शेवटच्या नंबरलाही टाकलं नाही.

साहेबांना कळायला वेळ लागला नाही. वाडा उचला, एवढाच निरोप आला. आईनं घोड्यावर बिऱ्हाड लादलं, नुकती जन्मलेली ओली कोकरं जाळीत घालून खांद्याला लावली आणि आम्ही भीमेच्या अंगानं दौंडकडे चालू लागलो. साहेबांचा शब्द आमच्या पुढं पोचला होता. ज्या ज्या रानात वर्षानुवर्षं मेंढरं बसली, तिथं त्या साली माणसं बांधावर येऊन न्हाई म्हणाली. चारा मिळेना. कळप उपाशी मरण्याआधी आप्पांनी विकला. केडगावजवळ चुलत्याच्या माळावर पत्र्याचं घर घातलं. आता आमच्याकडे एक मेंढरू नाही.

मला जागा खुल्यातून लागली. मार्क तेवढे असले की तशी लागते, सरांनाही ते माहीत होतं. कोट्यातून लागली असती तरी माझीच असती. ती काही साहेबांच्या रानात उगवत नाही. पण जागेची किंमत कळपानं चुकवली. त्यामुळे मला कुणी 'जिद्दीची कहाणी' म्हटलं की माझं डोकं फिरतं.

आता मी दौंडला नोकरी करते. गेल्या आठवड्यात संस्थेतून फोन आला. यंदाच्या मेळाव्यात माझा सत्कार आहे. तेच मंगल कार्यालय, तेच साहेब, चान्स सांगायला तेच सर. फोनवरचा माणूस अदबीनं बोलत होता. "ताई, संस्थेच्या मार्गदर्शनामुळं घडले, एवढं दोन मिनिटं बोला. बाकी आम्ही बघतो."

मी येते म्हणाले.

आप्पांना सांगितलं. त्यांनी खुंटीवरचा पटका काढून झटकला. मग म्हणाले, "मी बी येतो. ह्या बारीला हसत न्हाई."

शाल मी घेणार नाही. नारळही नाही. माईक घेणार आहे. आधी सांगणार, माझं घर वाड्यावर होतं आणि तो ह्या मधल्या खुर्चीनं उठवला. मग समोरच्या पोरांना सांगणार, पहिल्या पसंतीला ह्यांचं कॉलेज टाकू नका, आणि का टाकू नका ते नियमासकट सांगणार. सर शेजारीच असतील. चूक निघाली तर दाखवतील.

एवढं बोलून झाल्यावरच माईक खाली ठेवीन. मग ज्याला पुसायचा त्यानं पुसावा.