नखाएवढी मोडलेली काडी

धुळ्याला बुटांचं माप म्हणून पाठवायची खराट्याची काडी मी नखाएवढी मोडली. सहासष्ट वर्षांची बाई, शुगरच्या गोळ्या खाणारी, नातवंडांना खरं बोलायला शिकवणारी. तिने स्वयंपाकघराच्या दाराआड उभं राहून काडीचं टोक चिमटीत धरलं आणि तोडलं. तुकडा खिडकीतून खाली टाकला, मागे पुरावा नको म्हणून. ती बाई आज भेटली तर तिला मी आधी खुर्चीत बसवीन, पाणी देईन आणि मग दोन्ही कान धरून उभी करीन.

काडीचं असं, की माझं माहेर धुळ्याकडच्या खेड्यातलं. वडील बाजाराला निघाले की आम्हा भावंडांच्या पावलांच्या काड्या त्यांच्या खिशात असत. दुकानदार ती काडी चपलेत घालून बघायचा आणि जोड बांधून द्यायचा. त्यामुळे मला माझ्या पायाचा नंबर कधी कळलाच नाही. लेक धुळ्याला दिलेली. तिने फोनवर नंबर विचारला तेव्हा मी म्हटलं, "नंबर-बिंबर मला माहीत नाही, जावई येणार आहेत ना, त्यांच्याबरोबर काडी पाठवते."

"आई, जळगावात दुकानं नाहीत का गं?"

"आहेत. पण तिथे तो पोरगा पाय हातात घेतो."

ती हसली. मी पावलाला काडी टेकवली, तर काडी भलतीच लांब निघाली. आता हे सांगायला हवं, की सासूबाई मला बघायला आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, मुलीचं पाऊल मात्र नाजूक आहे. रंगाबद्दल काही नाही, नाकाबद्दल नाही, पुरणपोळीबद्दल तर नाहीच. कौतुक म्हणून एवढंच मिळालं, ते मी सगळा संसारभर जपून ठेवलं. ही काठीएवढी काडी जावई खिशातून काढणार आणि धुळ्याच्या दुकानात चार लोक बघणार, हे मला सोसेना.

बूट हवे होते ते कुत्र्यासाठी. म्हणजे घालायचे मी, पण त्याला फिरवायला. कुत्रा ह्यांचा. ह्यांनी त्याला अशी शिस्त लावलेली, की घरात काही करायचं नाही, म्हणजे नाही. हे गेले आणि शिस्त माझ्या गळ्यात पडली. मुलगा पहाटेच कंपनीत जातो, सून शाळेत शिकवते. मग सकाळ-संध्याकाळ साखळीच्या एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला मी. माझ्या पायात रबरी चप्पल. एकदा त्याला गटारीत डुक्कर दिसलं, तो धावला, चप्पल मागे राहिली आणि मी गुडघ्यांवर डांबरी रस्त्यावर. त्या दिवशी मुलगा म्हणाला, "आई, नीट बूट घे. नाहीतर याला चोपड्याला काकांच्या केळीत सोडून येतो. पुन्हा पडलीस तर मी ऐकणार नाही."

काका म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांच्या मळ्यावरची कुत्री मी पाहिली होती. दिवसभर साखळीला, रात्री मोकळी, आणि खायला जे उरेल ते. आणि आमचा हा पंख्याखाली झोपणारा, दूधपोळी कुस्करून दिली तरच खाणारा. ह्यांच्या मागे घरात ह्यांची म्हणावी अशी हलती-बोलती गोष्ट तेवढीच उरलेली. मी कुठल्याही किमतीला त्याला जाऊ देणार नव्हते.

बूट आले. करडे, जाड तळव्याचे, दिसायला देखणे. सगळ्यांसमोर पाय घातला आणि अंगठा पुढे बुटाच्या भिंतीला टेकला. सुनेने वरून दाबून पाहिलं. "आई, टोकाला लागतंय हो."

"नवे आहेत. सैल होतील."

लेकीचा फोन आला. म्हटलं, "पायात आहेत हे कळतसुद्धा नाही."

कळत होतं. प्रत्येक पावलाला कळत होतं. मग मी युक्ती काढली. जिन्यात बूट घालायचे, कोपरा वळला की काढून पिशवीत टाकायचे आणि अनवाणी फिरायचं. सकाळी जमलं. पण एप्रिल महिन्यात जळगावच्या रस्त्यावर संध्याकाळीसुद्धा पाय ठेववत नाही. ज्या तव्यावर मी उभा जन्म भाकरी टाकल्या, त्यावर आता मीच. पुन्हा बूट चढवले. अंगठ्याला फोड आला, फुटला. शुगरच्या माणसाला दुखणं उशिरा समजतं म्हणतात, तसं झालं. मोजा चिकटला तेव्हा मला कळलं.

डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि चालणं बंद केलं. मुलगा बुटांकडे बघून म्हणाला, "एवढे चांगले बूट घेऊनसुद्धा तुला जमत नाही. रविवारी त्याला चोपड्याला नेतो."

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं: बूट बदलून आणा, माप मी चुकीचं दिलं. धुळ्याचा दुकानदार ओळखीचा, त्याने बदलून दिले असते. मी पलंगावर बसून ते वाक्य पुनःपुन्हा जुळवलं. पण ते म्हटलं की पुढचं आलंच, की माप का चुकलं, आणि त्याचं उत्तर ऐकायला घरात दोन नातवंडं. कुत्रा पलंगाखालून एक बूट ओढून आणायचा, माझ्या पुढ्यात ठेवायचा आणि तोंडाकडे बघत बसायचा. मी त्याला म्हणायचे, "नको बघूस रे."

शनिवारी दुपारी घरात कोणी नव्हतं. तो दाराशी जाऊन कुंई करायला लागला. दारापासून माझ्यापर्यंत, माझ्यापासून दारापर्यंत. मला वाटलं, आज याला खाली नेऊन आणलं आणि संध्याकाळी सांगितलं, की बघा, मी नेऊ शकते, तर रविवार टळेल. मी विळी घेतली. नवे बूट पात्यावर धरून दोन्हींची तोंडं कापली, पट्टीसकट अंगठा बाहेर येईल अशी. मग ते घालून, कठड्याला धरून, दोन मजले उतरले. खाली वाळूचा ढीग पडला होता. कुत्रा त्यावर चढला, त्याच्या मागे मीही.

सून शाळेतून आली तेव्हा मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलेली होते. पट्टी लाल, तिच्यात वाळू. तिने बूट हातात घेतले, कापलेली तोंडं पाहिली, माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं, काडीसकट. ती हसली नाही. मला हसलेलं चाललं असतं.

रविवारी कुत्रा गेला. मी दवाखान्यात होते, अंगठा राहतो की जातो हे ठरायचं होतं, म्हणून त्याला जाताना पाहिलंही नाही. मुलगा एवढं म्हणाला, "पाय बरा झाला की आणू परत." मी ते धरून बसले.

अंगठा राहिला. बरा व्हायला पावसाळा गेला, थंडी आली. मग मी सुनेबरोबर दुकानात गेले, संध्याकाळी, कारण संध्याकाळी पाय सुजलेला असतो आणि बूट त्या पायाला यायला हवेत. मोजे घालून गेले. उभी राहून माप दिलं, दोन्ही पायांचं, कारण माझा डावा थोडा मोठा निघाला. अंगठ्यापुढे बोटभर जागा. तळवा बोटांपाशी वाकणारा, मधूनच दुमडणारा नको. टाच मागून घट्ट. नाडी नको, चिकटपट्टी हवी, कारण वाकणं जमत नाही. पोराने पाय हातात घेतला, मी घेऊ दिला. त्याने नंबर सांगितला, तो मी सुनेला मोठ्याने परत सांगितला. दुकानातच चार फेऱ्या मारल्या. इतके सुखाचे बूट मी आयुष्यात घातले नव्हते.

ते घालून मी एसटीने चोपड्याला गेले. पिशवीत साखळी. वाटभर मी कुत्र्याशी काय बोलायचं ते ठरवत होते.

मळ्यात तो साखळीला नव्हता. केळीच्या ओळींमधून धावत आला, अंगावर उडी मारली, तोंड चाटलं, बुटांचा वास घेतला. मी साखळी काढून त्याच्या गळ्यात अडकवली. तो चालला माझ्याबरोबर, बांधापर्यंत. बांधावर उभा राहिला. मागे घड कापणारी माणसं होती, त्यांची हाक आली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी ओढलं, तर खाली बसला. पुन्हा ओढलं, तर चारही पाय रोवले. माझे बूट मातीत जराही घसरले नाहीत, म्हणून मला बराच वेळ ओढता आलं. मग मी साखळी सोडली आणि तो गेला, मागे न बघता, त्या माणसांच्या पायांमधून.

मी बांधावर बसले. दीर शेजारी येऊन उभे राहिले. माझ्या पायांकडे बघत म्हणाले, "वहिनी, बूट भारी शेतस. पन याले फिरावाले आते मानूस नही लागस. तुम्हीच येत जा फिराले."