हिरूच्या लेकीची जागा

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. तुमच्याजवळ का बोलते आहे — ते मलाही नीट कळत नाही. तुम्ही त्या गावातले नाही, एवढंच असेल कदाचित.

ठाण्याच्या खाडीकाठी, मिठागरांना लागून ते गाव होतं. स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांनी मी तिथल्या शाळेत मास्तरीण म्हणून गेले. मूळची मी डोंबिवलीची, पण गावातच खोली घेऊन राहायची. शेजारी हिरू — मिठागरावर काम करणारी, माझ्याच वयाची. माझी चूल पहिल्यांदा पेटली ती तिने आणून दिलेल्या निखाऱ्यांवर. गावात मला सगळे 'बाय' म्हणायचे, एकेरीत बोलायचे. मला ते आवडतं, असं मी सगळ्यांना सांगायची. खरंच आवडायचं का?

हिरूची पहिली लेक बारशाआधीच गेली. पुरुष कामावर होते. हिरूची सासू आणि मी, आम्ही दोघीच तिला घेऊन गावामागच्या माळावर गेलो. गावातली तान्ही मुलं तिथेच पुरायचे. खूण काही नाही, फार तर एखादा दगड. सासूने खड्डा केला. मुलीला खाली मी ठेवलं. वर मीठ घातलं, माती लोटली. म्हणजे — ती जागा मला माहीत होती. हे आधीच सांगून ठेवते.

पुढे त्या माळाशेजारी एका शेटजींनी इस्पितळ बांधलं. त्यांचा तरुण मुलगा घाटात मोटारीच्या अपघातात सापडला होता आणि ठाण्याला आणेपर्यंत वाटेतच गेला होता. मग कुठल्याशा परदेशी मासिकात त्यांनी हेलिकॉप्टरचं चित्र पाहिलं — जखमी माणूस आकाशातून थेट इस्पितळाच्या दारात. त्यांनी ध्यासच घेतला. हा माळ हेलिकॉप्टर उतरायला राखून ठेवा, असा अर्ज त्यांनी नगरपालिकेकडे केला. लोक हसले. पण काम पुढे सरकलं, आणि एक दिवस कळलं की मंजुरीआधी जागा बघायला अधिकारी येणार आहेत.

आदल्या संध्याकाळी हिरू माझ्या दारात आली. "बाय, तू सांग त्या सायबाला. माजी पोर हाय तिथं. आमचा कोन आयकनार?"

"सांगते," मी म्हटलं. "काळजी करू नकोस."

दुसऱ्या दिवशी माळावर खुर्च्या मांडल्या होत्या. गावकरी लांब बांधावर उभे राहिले. मला मात्र खुर्ची मिळाली. चिनी मातीच्या कपात चहा आला. शेटजींच्या पत्नी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही इथल्या वाटत नाही हो." मला — कसं सांगू? — बरं वाटलं. फार बरं वाटलं.

मग अधिकाऱ्याने विचारलं, "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून तुम्हालाच विचारतो. इथे दफन वगैरे होतं का? होत असेल तर मंजुरी देता येणार नाही."

बांधावर ऐकू जात नव्हतं. हिरू माझ्याकडे बघत होती, एवढं मला दिसत होतं. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता — तुम्हाला कसं माहीत? मग तो खड्डा, ते मीठ, माझे हात — सगळं त्या कपबशांसमोर बोलावं लागलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "मोकळी जागा आहे."

जखमी माणसांचे प्राण वाचतील म्हणून मी तसं बोलले, असं पुढे कितीदा तरी मनाशी म्हणून पाहिलं. खोटं आहे. जखमी माणसं तेव्हा माझ्या डोक्यातही नव्हती.

पण एवढंच असतं तर — नाही, एवढंच नाही.

घरी जाताना हिरूने मला गाठलं. "सांगितलंस?"

"सांगितलं गं. त्यांनी ऐकलं नाही."

किती सहज आलं तोंडातून. ती तशीच घराकडे वळली. पण तिच्या सासऱ्याने माणसं जमवली. हरकत घ्यायला अजून मुदत होती. ठाण्याच्या कचेरीत जाऊ म्हणाले. अर्ज मीच लिहायचा, म्हणून माझ्याकडे आले. मी म्हटलं, "काही उपयोग नाही. वरून ठरलेलं आहे." का म्हटलं? ते तिथे गेले असते तर अधिकारी म्हणाला असता, तुमच्या बाईंनीच तर सांगितलं — म्हणून. त्यांनी माझा शब्द मानला. माझा शब्द मानायची त्यांना सवय होती.

मंजुरी आली. माळावर रूळ फिरला तेव्हा हिरू दिवसभर तिथे उभी होती, असं मागून कळलं. मी शाळेत होते. रुळाचा आवाज वर्गात येत होता. मी मुलांना पाढे मोठ्याने म्हणायला लावले.

चुन्याने मोठं वर्तुळ आखलं, भोवती तारेचं कुंपण घातलं. हेलिकॉप्टर कधीच आलं नाही. शेटजी वारले, चुना धुऊन गेला, कुंपण राहिलं. त्यानंतर गावात तान्हं मूल गेलं की खाडीच्या चिखलात न्यायचे. भरतीनंतर तिथे काय उरत असेल?

आणि हिरू? "बाय आमच्यासाटी बोलली," असं ती गावभर सांगायची. माझ्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर भांडायची. तिच्या परसातल्या वालाच्या शेंगा, तिच्या हातचे तांदळाचे पापड माझ्या घरी यायचे. मी ते घेत राहिले. खात राहिले.

काही वर्षांनी माझी बदली झाली. हिरूला क्षय झाल्याचं कळलं तेव्हा भेटायला गेले. तीच आमची शेवटची भेट. हाताची नुसती हाडं राहिली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. तिने माझा हात धरला.

"सायबाम्होरं तू एकलीच बोललीस, बाय."

मी तिचं पांघरूण सारखं केलं आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठले. एसटीला अजून बराच वेळ होता. मी थांब्यावर जाऊन बसले. तिथून हिरूचं दार दिसत होतं. एसटी येईपर्यंत मी तिथेच बसून राहिले.