आग्नेय कोपऱ्याचा सांधा

तारामतीला भिंती ठोठावून बघायची खोड होती. दवाखान्यात नंबराची वाट बघताना, बँकेच्या रांगेत, एवढंच काय, लेकीच्या सासरी पहिल्यांदा पाहुणचाराला गेली तेव्हासुद्धा तिनं बोटाचं पेर वाकवून बैठकीच्या भिंतीवर दोन ठोके दिले आणि मान तिरकी करून ऐकत राहिली. विहीणबाईंना वाटलं, ही आमच्या घराची परीक्षा घ्यायला आली की काय. त्या दिवसभर फुगून बसल्या. तारामतीच्या मनात तसलं काहीच नव्हतं. आत काय आहे, एवढंच तिला हवं होतं.

हा चौकसपणा तिला कुठून चिकटला कोण जाणे. देगलूरकडची पोर, लग्न होऊन हैदराबादेत लालागुड्याला आली. नवरा गेल्यावर छताला पीओपी करणाऱ्यांच्या हाताखाली लागली, आणि तिथून नामदेवराव ठेकेदारांच्या टोळीत, पोकळ भिंतींच्या कामाला.

ह्या पोकळ भिंती म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल. इथे वीट नाही, गिलावा नाही. कारखान्यातून काचेचे तंतू मिसळलेल्या जिप्समचे मोठाले पांढरे तक्ते ट्रकवर उभे येतात. तक्ता वरून बघितला तर आत ओळीनं कप्पे, वीतभर रुंद, पाच बोटं खोल, माथ्यापासून तळापर्यंत नुसते रिकामे. क्रेननं एक तक्ता उचलायचा, ओळंब्यात उभा करायचा, त्याच्याशेजारी दुसरा. जिथे दोघं भेटतात तिथे, आणि कोपऱ्यात तर हमखास, मधला पडदा कापून काढायचा, कप्प्यात सळई सोडायची आणि वरून काँक्रीट ओतायचं. हा झाला सांधा. बाकीचे बरेच कप्पे रिकामेच ठेवतात. भिंतीचा कप्पा रिकामा असला तर चालतं, सांध्याचा असला तर मात्र घर उभं राहिलं तरी कुणाचा जीव स्वस्थ राहत नाही.

तारामती बरीच वर्षं नुसत्या फटी लिंपत होती. दोन तक्त्यांमधल्या बारीक रेषेत लेप भरायचा, वरून जाळीची पट्टी दाबायची, पुन्हा लेप. हात तिचा सफाईदार होता, पण जीव तिथे रमत नव्हता. तिचं लक्ष सगळं आतल्या पोकळीत. मग नामदेवरावांनी एकदाचे कोपऱ्यांचे सांधे तिच्या हाती दिले. देताना दम मात्र भरला, "एक जरी सांधा पोकळ निघाला ना तारामती, तर परत फटी लिंपायला बसायचं. मग रडायचं नाही."

तिनं मान डोलावली खरी, पण त्या रात्री तिला आनंदानं जेवण गेलं नाही.

सांध्यांचं हे पहिलं काम आलं तारनाक्याला, सुलभाबाईंच्या घरी. सुलभाबाईंचे यजमान दिलीपराव तिथल्याच रेल्वेच्या प्रशिक्षण संस्थेत शिकवायचे. त्यांनी हौसेनं बांधलेलं बैठं घर. दिलीपराव जाऊन आता दोन वर्षं होत आली होती. मुलगा चिन्मय आयटीतला. त्याला वर एक मजला हवा होता. पाया जुना, विटांचं ओझं झेपायचं नाही, म्हणून पुण्याहून आलेल्या प्राजक्ता इंजिनिअरनं ह्या हलक्या भिंती सुचवल्या. सुलभाबाईंना आधी ते पटेना. "पोकळ भिंतींचं घर? मग त्यात राहायचं कसं, जपून?" असं त्यांनी विचारलं, आणि प्राजक्ताला हसू आवरेना.

सुलभाबाई आणि तारामतीचं मात्र पहिल्याच दिवशी जमलं. दोघीही सारख्याच चौकस. दुपारी चहा घेऊन सुलभाबाई गच्चीवर यायच्या आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू व्हायची.

"तारामती, ह्यात खिळा बसतो का गं?"

"हौ बाई, बसतो की. पण जड काही लटकवायचं असलं तर आधी सांगा. तो कप्पा भरून घेऊ."

"आणि हा कोपरा? टाकीजवळचा? ही आग्नेय दिशा ना?"

"दिशा-बिशा मला काय कळत नाही बाई. ह्यात सळई आहे, उद्या दुपारी काँक्रीट."

"उद्याच?" म्हणत सुलभाबाई त्या कोपऱ्याकडे बघत राहिल्या.

तारामतीला ते खटकायला हवं होतं. पण तेवढ्यात चिन्मय वर आला आणि आईशी त्याची जुनीच कुरबुर सुरू झाली. सुलभाबाईंना रीतसर वास्तुशांत हवी होती. चिन्मय म्हणत होता, "आई, प्लीज. लोकांना जेवायला बोलावू, मस्त पार्टी करू. पण ते होम, ते आग्नेयेला जमिनीत वास्तुपुरुषाची मूर्ती पुरणं, हे सगळं नको. आणि वरच्या मजल्यावर पुरणार कुठे, सांग ना? खाली आपलाच स्वयंपाकघराचा स्लॅब आहे."

"हौ रे बाबा, नको तर नको," म्हणून बाई कप गोळा करून खाली गेल्या. आवाज अगदी शांत. आईचा आवाज असा शांत झाला की मुलानं जरा सावध व्हावं, पण हे चिन्मयला कुणी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी तारामतीनं कोपऱ्याचा कप्पा तपासला. तिची एक पद्धत होती. पदरात बांधलेला, जुन्या कुंकवाच्या डबीतला लहानसा आरसा काढायचा, टाकीच्या लोखंडी पायऱ्यांवर चढायचं आणि उन्हाची तिरीप आरशावर घेऊन आत सोडायची. उजेड अर्ध्यापर्यंत पोचायचा. खालचा अर्धा अंधारच. तिथे ती काठीला फडकं गुंडाळून फिरवायची, कापलेल्या जिप्समचे तुकडे राहिले असतील तर ओढून काढायची. तळ कसा दिसतो हे तिनं कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याची तिला रुखरुख असायची. कप्पा साफ होता. वर गोणपाट टाकून ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी काँक्रीटचं यंत्र लवकर आलं. गडबड उडाली. ओतण्याआधी पुन्हा एकदा डोकावायचं, असा नामदेवरावांचा नियम होता. तारामतीनं गोणपाट ओढलं, यंत्रवाला ओरडत होता, आणि ती डोकावली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं सवयीप्रमाणे पेर वाकवून कोपरा वाजवायला घेतला. वरून खाली. टक. टक. टक. भरीव, छान. कमरेच्या खाली आली, आणि ढब.

तिनं पुन्हा वाजवलं. ढब. गुडघ्यापर्यंत ढब, जमिनीपर्यंत ढब. पहिलाच कोपरा, आणि खालून सगळा पोकळ! काँक्रीट मध्येच कुठेतरी अडून बसलं होतं. कुणालाही न सांगता वर लेप मारून मोकळं व्हावं, असा विचार तिच्या मनात येऊन गेला. येऊन गेला, राहिला नाही. तिनं प्राजक्ताला बोलावलं.

प्राजक्तानं स्वतः वाजवून पाहिलं. चेहरा पडला. "तुकडे राहिले असणार आत. तारामतीबाई, ओतायच्या आधी बघितलं होतं का?"

"आदल्या सांजेला बघितलं होतं मॅडम. साफ होतं. सकाळी... सकाळी नाही बघितलं."

प्राजक्तानं खिशातून फोन काढला. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं नामदेवरावांना फोन लावला, आणि फोनमधून त्यांचा आवाज तारामतीपर्यंत स्पष्ट पोचला, "आधी कापून बघा काय आहे ते. तिचंच निघालं तर तिला उद्यापासून फटींवर लावतो."

ग्राइंडर आला. भिंतीच्या पायाशी वीतभर चौकट कापायची, अडकलेलं काढायचं आणि तिथूनच पंपानं दाबून खालचा भाग भरून घ्यायचा, असं ठरलं. पांढरी धूळ उडाली. आवाज ऐकून सुलभाबाई वर आल्या आणि पायरीवरच थबकल्या. कोपरा कापताहेत हे कळल्यावर त्यांचा चेहरा असा काही उतरला, की तारामतीनं तो पाहिला आणि हातातलं फडकं बाजूला ठेवायचं विसरली.

कापलेला तुकडा निघाला. तारामतीनं आत हात घातला आणि वर चाचपलं. बोटांना कापड लागलं. तिनं वाकून पाहिलं. सळईच्या बांधणीच्या तारेला अडकून खणाची एक लाल पोटली लोंबत होती.

आग्नेय दिशा. उद्याच? शांत आवाज. सगळं तिला एका क्षणात कळलं. बाईंनी दिवेलागणीला टाकीच्या पायऱ्या चढून मूर्ती आत सोडली होती. मुलगा जमिनीत पुरू देईना, तर भिंतीत! तारामतीला हसू आलं, आणि लगेच रडूही आलं, कारण ती पोटली बाहेर काढली की ती सुटत होती आणि बाई अडकत होत्या. चिन्मयही वर येऊन मागे उभा राहिला होता. सुलभाबाई तिच्याकडे बघत होत्या. डोळ्यांत विनवणी होती.

फटींचा लेप आठवला तिला. वर्षानुवर्षं तोच लेप, तीच पट्टी. मनातून ती बाईंवर चिडलीच, अगदी खरं सांगायचं तर. मला विचारलं असतं तर शेजारचा रिकामा कप्पा दिला नसता का?

"काय आहे?" प्राजक्तानं विचारलं.

"जिप्समच आहे मॅडम," तारामती म्हणाली. "तुकडा राहिला. माझीच चूक." आणि पोटली मुठीत दाबून पदराखाली घ्यावी म्हणून तिनं हिसका दिला.

पोटली सुटली. पण तिच्यामागून, तिच्यावर आडवी फसलेली आणखी एक वस्तू सुटली आणि ठणकन खाली आदळून चौकटीतून घरंगळत बाहेर आली. स्टीलची, तीन सेलची जुनी बॅटरी. काँक्रीटनं माखलेली.

सगळे त्या बॅटरीकडे बघत राहिले. तारामती तर तोंड उघडं टाकून. ही कुठली?

"ती माझी आहे," चिन्मय म्हणाला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्याच्या. "म्हणजे बाबांची. रोज रात्री ते ही घेऊन गच्चीवर यायचे ना, टाकीत पाणी किती आहे बघायला. गच्ची त्यांचीच होती. मला वाटलं, वर घर होतंय तर... काँक्रीटच्या दिवशी सकाळी टाकली मी. तुमची काही चूक नाही मावशी, सॉरी. आई, तू हसू नकोस."

सुलभाबाई हसत नव्हत्या. त्या पुढे आल्या, तारामतीची मूठ स्वतःच्या हातानं उघडली आणि लाल पोटली मुलापुढे धरली. "आणि हे माझं. आदल्या संध्याकाळचं."

मग प्राजक्तालाच आधी हसू फुटलं. पोटली तारेला अडकली, तिच्यावर बॅटरी येऊन आडवी बसली, आणि काँक्रीटनं तिथेच मुक्काम केला. दोघांपैकी एकानंच चोरून कारभार केला असता तर ती वस्तू बहुधा काँक्रीटबरोबर तळाला गेली असती. एका छपराखाली राहून दोघं एकमेकांपासून लपवत त्याच पायऱ्या चढले होते, त्याच कप्प्याशी.

प्राजक्तानं नामदेवरावांना पुन्हा फोन लावला. "तारामतीबाईंचा सांधा साफ होता," ती म्हणाली. "घरच्यांनीच सामान भरलं होतं. हो, घरच्यांनी. भेटल्यावर सांगते." फोन ठेवून तारामतीकडे वळली, "पण पुन्हा ओतायच्या आधी बघायचं. कळलं?"

"हौ मॅडम," तारामती म्हणाली.

सांधा खालून नीट भरून झाला. मग चिन्मयनंच विचारलं, शेजारचा कप्पा रिकामा राहणार आहे ना? प्राजक्तानं नकाशा पाहून होकार दिला. बॅटरी धुऊन पुसली. चिन्मयनं सहज बटण दाबलं, तर लख्ख पेटली.

"नवे सेल घातले होतेस?" सुलभाबाईंनी विचारलं. चिन्मयनं बटण उगाच बंद-चालू केलं. बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि डोळ्यांना पदर लावला.

दोन्ही वस्तू सुतळीला बांधून सोडायचं काम तारामतीकडे आलं. ती टाकीच्या पायऱ्यांवर चढली, आधी पोटली सोडली, मग बॅटरी. "चालूच राहू द्या," चिन्मय खालून म्हणाला.

तारामती डोकावली. खाली तळाशी उजेड पडला होता. पांढऱ्या भिंती, त्यातून डोकावणारे काचेचे बारीक तंतू, लाल खण, सगळं दिसत होतं. इतक्या वर्षांत तिनं भिंतीचा तळ पहिल्यांदा पाहिला. ती इतका वेळ वाकून राहिली की प्राजक्तानं खालून हाक मारली, तेव्हा कुठे तिनं माथा बंद केला.

घरभरणीला सुलभाबाईंनी तिला आग्रहानं बोलावलं. होम नव्हता, चिन्मयच्या म्हणण्याप्रमाणे नुसतं जेवण. पण पुरणपोळी होती आणि तारामतीसाठी इरकल लुगडं होतं. आपण सांधलेल्या घरात ती पाहुणी म्हणून पहिल्यांदाच आली होती. भिंतींना फिकट पिवळा रंग लागला होता. जेवणानंतर ती हळूच आग्नेय कोपऱ्यात गेली. तिची खोड, दुसरं काय.

पेर वाकवून ती वाजवणार, तेवढ्यात थांबली. रिकाम्या कप्प्यावर, नव्याकोऱ्या रंगावर दोन ठिकाणी बोटांचे मळकट डाग पडले होते. एक तिच्या खांद्याशी, सुलभाबाईंचा हात पोचेल तिथे. दुसरा चांगला डोक्याच्या वर, उंच माणसाच्या हाताला येईल तिथे. रोज कुणीतरी येऊन तिथे वाजवून जात होतं. दोघं, वेगवेगळे, आणि एकमेकांना सांगितलं असेल तर शपथ.

तिनं मागे वळून पाहिलं. बाई पाहुण्यांना विडे देत होत्या, चिन्मय कुणाला तरी भिंत कशी हलकी आहे ते समजावत होता. तारामतीनं दोन्ही डागांच्या मधोमध पेर टेकवलं आणि अगदी हलकेच वाजवलं.

ढब.