शेकलेलं चामडं

"अरे, हा काय मांगवाडा आहे का? चामडं कसलं शेकताय इथं?"

सुहासदादा ओरडला. आमच्या मंडळाचा अध्यक्ष. गणपतीचा दिवस, सिडनीतल्या क्वेकर्स हिलच्या हॉलमागचं अंगण. क्वेसी बार्बेक्यूच्या धगीवर आपला ढोल तापवत होता. थंडीने कातडं सैल पडलं होतं. ढोलाची दुसरी कड मी धरली होती.

क्वेसी घानाचा. साठी ओलांडलेला. गिटार हातात घेतली म्हणून कारकून बापाने घराबाहेर काढला. गाणारे सगळे ओवाळून टाकलेले, असं बापाचं मत. हा राजधानीत, आक्राच्या क्लबांत गायला, रेडिओवर गाजला, याच्या गाण्याशिवाय लग्नं लागेनात. मग लष्करी राजवटीची संचारबंदी आली, क्लब बंद पडले. दौऱ्यावर सिडनीला आला तो इथेच राहिला. वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवली. शनिवारी गराजमध्ये ढोल शिकवायचा.

तिथे मी तीन वर्षं जात होतो. पहिल्याच दिवशी त्याने कातडं हीटरसमोर धरलं आणि मला माझा बाप दिसला. बाप पाचट पेटवून हलगी शेकायचा, टिचकी मारून कान लावायचा. हे मी क्वेसीला सांगितलं नव्हतं. मंडळात तर कुणालाच नाही. तिथे मी पुण्याचा आयटीवाला, बस्स.

कौन्सिलचे पाहुणे येणार म्हणून मंडळाला 'मल्टिकल्चरल आयटम' हवा होता. क्वेसीचं नाव मीच सुचवलं होतं.

"त्याला सांग," सुहासदादा मला म्हणाला, "ढोल आत नको. स्टेजवर बाप्पा आहेत. ट्रॅक लावतो, त्यावर गा म्हणावं. नो वरीज."

मंडळाचे स्वतःचे ढोल आतच होते. त्यांची पानं प्लास्टिकची, कातड्याची नव्हेत.

"व्हॉट डिड ही से?" क्वेसीने विचारलं.

"स्टेज लहान आहे म्हणतो," मी इंग्रजीत सांगितलं.

इतका हलकटपणा मी आयुष्यात केला नव्हता.

"सूर मला कळला," क्वेसी म्हणाला. "माझा बाप याच सुरात बोलायचा. तू शब्द सांग."

सांगितले. एका शब्दाशी अडलो. मांगवाडा. इंग्रजीत काय सांगणार? एकच वाक्य सुचलं.

"द प्लेस व्हेअर आय वॉज बॉर्न."

मग सुहासदादाकडे वळून तेच मराठीत, मोठ्याने. "मांगवाडा म्हणजे मी जन्मलो ती जागा."

तो गडबडला. "अरे, मला तसं नव्हतं म्हणायचं. तू आपलाच आहेस, मेट."

"आपला असेन तर ढोल आत जाईल."

तो गप्प. मोदकांची ताटं घेऊन चाललेल्या बायका गप्प. माझ्याच ऑफिसातले दोघे मोबाईलमध्ये बघत गप्प. त्या शब्दापेक्षा या गप्प बसण्याचा मला जास्त संताप आला. अजून येतो.

"ढोल नाही तर मीही नाही," क्वेसी म्हणाला. आम्ही ढोल उचलून निघालो. थांबा म्हणायला कुणी आलं नाही.

त्यानंतर भावाकडून बापाची हलगी मागवून घेतली. दर शनिवारी शेकतो. मागच्या अंगणात लपून नाही, पुढच्या अंगणात. सुहासदादाचं घर समोरच आहे. त्याच्या खिडकीचा पडदा हलतो. हलू दे.

यंदाची मिरवणूक आमच्याच रस्त्यावरून जाणार आहे. मी हलगी शेकून फाटकात उभा राहणार. शेजारी क्वेसी, त्याचा ढोल घेऊन. आम्ही वाजवणार. कुणाला विचारणार नाही.